दम धरायचा नाही, सोडायचा

प्रश्न : माझा मुलगा अकरा वर्षांचा. घरच्या विहिरीत पोहायला शिकला, पण दहा-बारा हात मारले की धापा टाकत काठ धरतो. 'छाती भरून हवा घे आणि दम धर' असं मी सांगतो. त्याला मालवणात चिवल्याच्या समुद्री स्पर्धेत उतरायचंय. त्याचा दम कसा वाढेल? – एक वडील, देवगड

उत्तर : दादा, त्याचा दम कमी नाही. घेतलेला श्वास तो सोडतच नाहीये. विहिरीत शिकून माझ्याकडे आलेली बहुतेक मुलं अशीच गाल फुगवून पोहतात. छातीत कार्बन डायऑक्साइड साठला की जीव घाबरा होतो. ऑक्सिजन संपायला तेव्हा अवकाश असतो. मग तोंड वर काढल्यावर तेवढ्या क्षणात जुनी हवा सोडायची आणि नवी घ्यायची, म्हणजे दोन्ही अर्धवट.

त्याला पायरीवर, छातीभर पाण्यात उभं करा. तुम्ही शेजारी. तोंड बुडवून नाकातून 'हंऽऽ' असं गुणगुणत बुडबुडे सोडू दे. आवाज चालू असेपर्यंत नाकात पाणी शिरत नाही. मग मान वळवून तोंडाने श्वास, पुन्हा 'हंऽऽ'. हे सलग वीस वेळा धाप न लागता जमेपर्यंत हात मारायला देऊ नका. मी पहिला आठवडा एवढंच करून घेते. पालक कुरकुरतात, तरीही.

पोहताना डोकं उचललं की पाय बुडतात. अंग कुशीवर वळेल त्यासोबत डोकं वळवायचं, एक डोळा पाण्यातच ठेवायचा. गालापाशी पाण्याला खळगा पडतो, तोंड तिथे उघडायचं.

आपला समुद्र पश्चिमेला. किनाऱ्याला धरून उत्तरेकडे पोहताना लाट डावीकडून येते, म्हणून श्वास उजवीकडे घ्यायचा, परतताना उलट. दर तिसऱ्या हाताला श्वास घेतला की दोन्ही बाजू आपोआप तयार होतात.

आणि 'दम धर' हे शब्द घरात बंद करा, ही माझी विनंती. लहानपणी आम्ही भराभर श्वास घेऊन विहिरीत बुडी मारायचो, जास्त वेळ कोण राहतं ते बघायला. तशाने कार्बन डायऑक्साइड आधीच उतरतो, जीव घाबरा होतच नाही, आणि पोर पाण्याखाली शुद्ध हरपतं. माझ्या चुलत भावाला काकांनी केसांना धरून वर काढलं. पाण्यावर एक बुडबुडाही आला नव्हता.