गोव्यात राहून आगमनकाळात श्रद्धा कशी वाढवावी?

नोकरीसाठी पणजीला आलोय, ॲडव्हेंट, म्हणजे नाताळाआधीचा आगमनकाळ, तोंडावर आलाय, पण इथे डिसेंबर म्हणजे नुसता जल्लोष, अशात श्रद्धा वाढवायची कशी, असं तुम्ही विचारलंय. जल्लोषाला नावं ठेवायची तर आधी आपल्याच लोकांना ठेवा. पर्यटकांची खरी झुंबड नाताळाच्या आसपास. त्याआधीचे दिवस आपणच फेस्तांत घालवतो: ३ डिसेंबरला जुन्या गोव्यात सायबाचं, म्हणजे सेंट फ्रान्सिस झेवियरचं, ८ ला पणजीच्या चर्चचं. मिस्सा (चर्चमधली उपासना) झाली की खाज्यांच्या पुड्या घेऊन घरी. फादरांची जांभळी वस्त्रं दिसली, मिस्सेतलं ग्लोरिया हे स्तुतिगीत बंद झालं, संपला आगमनकाळ.

मी वसईची, लग्न होऊन दक्षिण गोव्यातल्या सासष्टीत आले. माहेरी या दिवसांत रात्रीची जेवणं उरकली की आई मेणबत्ती लावून मराठी बायबलमधला यशयाचा एखादा उतारा वाचायची. सासरी मीही ते सुरू केलं. तेर्स, म्हणजे माळेवरची घरची प्रार्थना, कोंकणीतच व्हायची, त्याबद्दल माझी काही तक्रार नव्हती. तेर्स संपल्यावर पाच मिनिटं हे वाचन, एवढंच. तर पहिल्याच रात्री मोठे दीर म्हणाले, "आमगेर देवालागीं कोंकणींत उलयतात." (आमच्याकडे देवाशी कोंकणीत बोलतात.) कुणी काही बोललं नाही. तेर्स संपली होती, तरी सासूबाई मान खाली घालून माळेचे मणी सरकवत राहिल्या.

मी नवी सून, पण गप्प बसणाऱ्यांतली नव्हे. भाऊजींना म्हटलं, आपल्या सासष्टीतच, राशोलला, १६१६ साली क्रिस्तपुराण छापलं गेलं, ते कुठल्या भाषेत? थॉमस स्टीफन्स हा इंग्रज जेजुइट, पण ओव्या मराठीत लिहिल्या, आणि त्या इथल्याच ख्रिस्ती लोकांसाठी. मराठी जर देवाला चालत नसती तर त्या फादरला एवढा खटाटोप करायची काय गरज होती? त्यावर दीर म्हणाले की त्यानेच कोंकणीतही दौत्रिना, म्हणजे धर्मशिकवणीचं पुस्तक, लिहिली. तेही खरं आहे, १६२२ ची. तो वाद आमच्या घरात अजून मिटलेला नाही. माझं वाचनही थांबलेलं नाही.

तेव्हा माझा सल्ला असा: ज्या भाषेत तुम्ही आईशी भांडलात, त्या भाषेत रोज रात्री थोडं वाचा. यशयापासून सुरुवात करा. जमलं तर क्रिस्तपुराणाचा पहिला भाग घ्या. सृष्टीच्या उत्पत्तीपासून तारणाऱ्याची वाट बघण्यापर्यंतचा जुना करार त्यात आहे, म्हणजे आगमनकाळाचाच ऐवज. भाषा जुनी आहे, अडखळायला होतं. मोठ्यानं वाचलं की उलगडते.

१७ डिसेंबरची मिस्सा तर चुकवूच नका. त्या दिवशी मत्तयच्या शुभवर्तमानातली येशूची वंशावळ वाचतात. अर्धं चर्च त्या वेळी जांभया देत असतं. पण त्या नावांत तामार आहे, राहाब आहे, रूथ आहे. रूथ तर मवाबी, परमुलखातून आलेली सून! दरवर्षी हे वाचन सुरू झालं की मी दिरांकडे बघते. ते छताकडे बघतात. (रूथनं सासरचं सगळं आपलंसं केलं होतं, हे ते मला परतीच्या वाटेवर सुनावतात.)

रोषणाई, नेवऱ्या, दोदोल, येशूजन्माच्या गोठ्यांच्या देखाव्यांच्या स्पर्धा यांनी श्रद्धा बुडते असं मला म्हणायचं नाही. दोदोल घोटताना सासूबाई जेवढ्या प्रार्थना म्हणतात तेवढ्या मी महिनाभरात म्हणत नसेन. आणि मराठीचं एवढं सांगितलं म्हणून कोंकणी मिस्सा टाळू नका, तिथली गायनं ऐकण्यासारखी असतात.

कुमसार, म्हणजे फादरांपुढे पापांची कबुली, मात्र २० तारखेच्या आत उरका. २३-२४ ला रांग एवढी लांबते की माणूस पापं आठवायची सोडून घड्याळ बघत बसतो.