हार्ड डिस्क टकटक करते, दुकानदार म्हणतो फॉरमॅट मारा. मारू का?

तुम्ही लिहिलंय त्यावरून चित्र असं दिसतं: गोव्यात डिचोलीतलं घर, सात-आठ वर्षं जुना डेस्कटॉप, १ टीबीची हार्ड डिस्क, विंडोज १०. पाऊस लागल्यापासून चालू व्हायला पंधरा मिनिटं, फाइल उघडताना अडकणं, अधूनमधून टकटक, आणि कधीतरी 'बूट डिव्हाइस सापडत नाही' असा संदेश. आत तुमच्या वडिलांनी जत्रेत केलेल्या नाटकांची रेकॉर्डिंग आहेत, आणि ती दुसरीकडे कुठेच नाहीत.

मग फॉरमॅट नकाच मारू. फॉरमॅटने विंडोज नवी होईल, आतली तबकडी काही नवी होत नाही. शिवाय विंडोज स्वतःहून 'स्कॅन करून दुरुस्त करू का' विचारते, त्यालाही सध्या नाही म्हणा. चेक डिस्क म्हणजे विंडोजचं डिस्क तपासायचं साधन; त्याचं संपूर्ण स्कॅन डिस्कचा कोपरान् कोपरा वाचतं, वाचता न आलेल्या जागी फाइलींच्या नोंदी बदलतं. दमलेल्या डिस्ककडून तासन् तास हे काम करून घेतलं तर त्यातच ती कायमची बंद पडण्याची शक्यता असते. निदान नंतर करू, आधी कॉपी.

विंडोज अजून उघडत असेल तर एक्स्टर्नल डिस्क लावा आणि जे परत मिळणार नाही तेच आधी घ्या: नाटकं, चवथीचे आणि लग्नाचे फोटो, घराचे कागद. सिनेमे, गाणी, सॉफ्टवेअर राहू द्या. कट-पेस्ट करू नका, कॉपीच करा. एखाद्या फाइलीवर अडकलं तर ती सोडून पुढे जा. तिच्यावर पुन्हा पुन्हा डोकं आपटण्यात बाकीच्या फाइलींचा वेळ जातो.

विंडोज उघडतच नसेल तर मित्राच्या संगणकावर लिनक्स मिंटचा (विंडोजऐवजी चालणारी फुकट ऑपरेटिंग सिस्टिम) पेन ड्राइव्ह बनवून घ्या आणि त्यावरून संगणक सुरू करा. काहीही इन्स्टॉल करायचं नाही. मिंट पेन ड्राइव्हवरूनच चालतं आणि तुमच्या फाइली दिसतात. डिस्क काढून दुसऱ्या संगणकाला यूएसबीने जोडायचा विचार असेल तर एक लक्षात ठेवा: डेस्कटॉपच्या साडेतीन इंची डिस्कला १२ व्होल्ट लागतात आणि साध्या यूएसबीतून ५ व्होल्टच येतात. वेगळा पॉवर अ‍ॅडॉप्टर असलेलाच कनेक्टर घ्या, नाहीतर चांगली डिस्कसुद्धा मेल्यासारखी वाटेल.

फाइली कॉपी होताना फार अडखळत असतील तर मिंटवरच डीडीरेस्क्यू हे खराब डिस्कची प्रत काढणारं सॉफ्टवेअर टाकता येतं. ते आधी सहज वाचता येणारा भाग उचलतं, खराब जागा ओलांडून पुढे जातं आणि त्यांच्याकडे शेवटी वळतं. मध्येच लाईट गेली तरी त्याच्या नोंदवहीमुळे काम होतं तिथून पुढे सुरू करता येतं. हे आपल्याकडच्या पावसाळ्यात फारच सोयीचं.

कॉपी झाली की मग निदान. क्रिस्टलडिस्कइन्फो हे फुकट सॉफ्टवेअर चालवा आणि डिस्क स्वतःच्या तब्येतीच्या ज्या नोंदी ठेवते त्यांतल्या ०५, सी५, सी६, सी७ या ओळी बघा. त्यातले रॉ (मूळ) आकडे सुरुवातीला सोळाच्या पायात दिसतात, म्हणजे तिथला १० हा आपला १६. फंक्शन मेनूतल्या अ‍ॅडव्हान्स्ड फीचरमध्ये ते दशमान करता येतात. ०५ म्हणजे डिस्कने बाद करून राखीव जागेत हलवलेले सेक्टर, म्हणजे माहिती साठवायचे छोटे कप्पे. सी५ म्हणजे वाचता येत नाहीत पण अजून बाद केले नाहीत असे, आणि सी६ म्हणजे तपासणीत दुरुस्त न झालेले. लिहिता लिहिता लाईट गेली तरी सी५ मध्ये थोडे आकडे चढतात आणि त्या जागी पुन्हा लिहिलं की उतरतात. त्यामुळे एकट्या सी५ वरून लगेच घाबरायचं कारण नाही. पण ०५ आणि सी५ दोन्ही दर आठवड्याला वाढत असतील तर डिस्क गेलीच समजा.

सी७ ची गोष्ट वेगळी. तो वाढतो तेव्हा बहुतेक वेळा दोष केबलचा असतो. आपल्या दमट हवेत साटा केबलच्या (डिस्क मदरबोर्डला जोडणारी) टोकांवर गंज धरतो, संपर्क सुटतो-लागतो, आणि 'बूट डिव्हाइस सापडत नाही' हा संदेश त्यानेही येतो. प्लग काढून, केबल बदलून बघा. केबल स्वस्त असते. सी७ चा जुना आकडा कमी होत नाही, तो पुढे वाढायचा थांबला की काम झालं. टकटकीबद्दलही तेच: एसएमपीएस (संगणकाला वीज पुरवणारा डबा) कमकुवत झाला की डिस्कला पुरेसा विजेचा दाब मिळत नाही, ती बंद पडून पुन्हा सुरू होते आणि तसाच आवाज येतो.

आणि सॉफ्टवेअरने हिरवं 'गुड' दाखवलं तरी निश्चिंत होऊ नका. गूगलने २००७ मध्ये आपल्या लाखाहून अधिक डिस्कचा अभ्यास प्रसिद्ध केला, त्यात बंद पडलेल्या डिस्कपैकी ३६ टक्क्यांहून अधिक डिस्कनी तापमान सोडल्यास अशा आकड्यांत कसलीच खूण दाखवली नव्हती. कान आणि आकडे यांत मतभेद झाला तर मी कानाचं ऐकतो.

टकटक एकसारखी होत असेल आणि बायोसमध्ये (संगणक चालू होताना विंडोजच्या आधी उघडता येणारं सेटिंग) डिस्कचं नावच दिसत नसेल, तर संगणक बंद करा आणि पुन्हा चालू करून बघू नका. केबल आणि एसएमपीएस ठीक असतील तर पुढचं काम डेटा रिकव्हरीवाल्यांचं, आणि ते महाग असतं. नाटकांसाठी तेवढे पैसे घालायचे का, हे तुम्हीच ठरवा. डिस्क फ्रीजरमध्ये ठेवायचा जो सल्ला फिरतो तो तर गोव्यात अजिबात नको. बाहेर काढताच तिच्यावर आणि आतही पाणी धरेल.

नवीन डिस्क घेताना साटा एसएसडी (फिरती तबकडी नसलेली, चिपवर साठवणारी) घ्या, तुमच्या संगणकात ती बसेल. विंडोज १० चा नेहमीचा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला, तेव्हा संगणक ११ घेतो का तेही याच वेळी तपासा. नाटकांची दुसरी प्रत एक्स्टर्नल डिस्कवर असू द्या, कारण एसएसडी अनेकदा आवाज न करताच जाते. आणि विंडोज टाकताना जुन्या डिस्कची केबल काढून ठेवा, नाहीतर यादीत दोन डिस्क दिसतात आणि चुकीच्या डिस्कवर क्लिक व्हायला वेळ लागत नाही.