फ्री ग्रुपचा सबग्रुप फ्री असतो, हे झाडावरून शिकायलाच हवं का?

तुम्ही विचारलंय की निल्सन-श्रायर प्रमेयाची (फ्री ग्रुपचा, म्हणजे ज्याच्या जनकांत आपसात कुठलंच नातं नसतं अशा ग्रुपचा, प्रत्येक सबग्रुप फ्रीच असतो) श्रायर ट्रान्सव्हर्सलवाली, म्हणजे सबग्रुपच्या प्रत्येक कोसेटमधून एकेक प्रतिनिधी शब्द निवडणारी, सिद्धता एमएस्सीला पुरते, मग झाडावरच्या (वेटोळं नसलेल्या सलग ग्राफावरच्या) ॲक्शनमागे, म्हणजे ग्रुपचे घटक त्याचे बिंदू कसे हलवतात यामागे, वेळ घालवावा का. घालवा. याच प्रश्नात माझे दहापैकी दहा मार्क गेलेत, त्यामुळे मी तटस्थ नाही हे आधीच सांगतो.

ठाण्यात एमएस्सी करत होतो. लायब्ररीत फ्रेंच गणिती सेरचं 'ट्रीज' हाती लागलं (मूळ फ्रेंच १९७७ चं, इंग्रजी १९८० चं) आणि डोक्यात बसलं. परीक्षेत नेमकं हेच प्रमेय आलं. प्रतिनिधी निवडा, शब्द खोडत बसा, हे गुऱ्हाळ मी टाळलं. अर्ध्या पानात लिहिलं: फ्री ग्रुपचा केली ग्राफ (घटक हे बिंदू, जनकाने गुणून जिथे पोचतो तिथवर कड) म्हणजे झाड, ग्रुप त्यावर फ्री ॲक्ट करतो, तर सबग्रुपही करतो, झाडाला सबग्रुपने भागून जो ग्राफ येतो त्याचा फंडामेंटल ग्रुप (एका बिंदूतून निघून तिथेच परतणाऱ्या वाटांचा ग्रुप) म्हणजे तो सबग्रुपच, आणि ग्राफचा फंडामेंटल ग्रुप फ्री असतो. शेजारी झाड काढलं. पेपर बघायला मिळाला तेव्हा झाडावर लाल फुली आणि शेरा, 'चित्र म्हणजे सिद्धता नव्हे.' शून्य.

त्या संध्याकाळी तलावपाळीच्या कट्ट्यावर शेंगदाण्याची पुडी संपवून तिच्याच कागदावर मी मित्राला दाखवलं. दोन जनकांचा फ्री ग्रुप, त्यात इंडेक्स ३ चा, म्हणजे ग्रुपचे तीन कोसेट पाडणारा, सबग्रुप. भागून आलेल्या ग्राफात ३ बिंदू. प्रत्येकातून दोन्ही जनकांची एकेक कड बाहेर पडते, म्हणजे ६ कडा. तीन बिंदू एकत्र बांधायला २ कडा पुरतात. त्या मिटवून टाका, उरली ४ वेटोळी. रँक, म्हणजे सबग्रुपच्या जनकांची संख्या, ४. श्रायरचं सूत्रही तेच सांगतं: इंडेक्स गुणिले (रँक वजा १), अधिक १. मित्र बँकेच्या परीक्षा देणारा, ग्रुप कशाशी खातात त्याला माहीत नाही. पण चार त्यानेच मोजले.

पेपर तपासणाऱ्या सरांना विचारलं तर म्हणाले, बीजगणिताची सिद्धता बीजगणितातच हवी. का? सोवळं आहे का? पूर्णांकांचा एसएल-टू (डिटरमिनंट १ असलेल्या २×२ पूर्णांकी मॅट्रिक्सचा ग्रुप) झाडावर ॲक्ट करतो, त्यातूनच कळतं की तो ऑर्डर ४ आणि ६ चे सायक्लिक ग्रुप ऑर्डर २ च्या सामाईक सबग्रुपवर जोडून झालेला आहे. पूर्णांकांच्या एसएल-थ्रीला (तेच, पण ३×३) कुठल्याही झाडावर चढवा, कड उलटी करत नसेल तर कुठला तरी बिंदू तो जागचा हलवतच नाही. म्हणून तो तसा फुटतही नाही. हे नुसते शब्द खोडून कुणी दाखवावं.

आता कबुली. माझ्या उत्तरात एक भोक होतं. एखादा घटक कडेची दोन टोकं एकमेकांच्या जागी नेत नाही ना, हे मी तपासलंच नव्हतं. ओळीभराचं काम आहे: तसं झालं तर त्या कडेच्या जनकाला त्यानेच गुणून एकक येतो, आणि फ्री ग्रुपात ते अशक्य. याचे दोन मार्क कापायला हरकत नव्हती.

तुमची परीक्षा जवळ असेल तर पेपरात श्रायरच लिहा, तपासणारा कोण निघेल सांगता येत नाही. मी आता नौपाड्यात क्लास घेतो, मुलांकडून दोन्ही लिहून घेतो. सर परवा राम मारुती रोडला भेटले, हातात भाजीची पिशवी होती, म्हणून विषय काढला नाही. माझे आठ मार्क मात्र त्यांच्याकडून अजून यायचेत.