फुलतं, पण फळत नाही

प्रश्न : आईने वेंगुर्ल्याहून आणलेली रातांब्याची, म्हणजे कोकमाची बी अकरा वर्षांपूर्वी सोसायटीच्या आवारात लावली. दोन वर्षं झाली, डिसेंबरात भरभरून फुलं येतात, फळ मात्र एकही नाही. खत कमी पडतंय का? आता ‘वांझ झाड तोडा’ म्हणून सेक्रेटरी मागे लागलेत.
– एक वाचक, मुलुंड

उत्तर : वांझ कसलं, तो बाप्या आहे! कोकमात नर आणि मादी झाडं वेगळी असतात. बी लावली की जवळपास निम्मी रोपं नर निघतात, आणि फुलेपर्यंत सात-आठ वर्षं कुणालाच पत्ता लागत नाही. खात्री करून घ्या. फुलं झुबक्यांनी आली असतील आणि मधे पिवळ्या केसरांचा गोळा असेल, तर नर. मधोमध इवलंसं हिरवं फळ धरल्यासारखं दिसलं, तर मादी. मग नर जवळपास नाही, एवढंच.

तोडू नका. पावसाळ्यात शेजारी मादीचं कलम लावा. दापोलीच्या कृषी विद्यापीठाची ‘कोकण अमृता’ ही जात चांगली. बागायतदारही कलमांत थोडे नर मुद्दाम राखतात.

फळं आली की बिया फेकू नका, हे मात्र बजावून सांगते. आमची आजी बिया वाळवून कुटायची, पाण्यात उकळायची, वर तरंगलेलं तेल काढून गार झालं की त्याचे मुठीएवढे गोळे वळायची. ते भिरंडेल. दर दिवाळीनंतर लालबागच्या आमच्या खोलीत एक गोळा कागदात गुंडाळून यायचा. चमच्यात वितळवून भेगाळलेल्या टाचांना लावायचं, चटका बसला की आईच्या नावाने ओरडायचं. मुंबईच्या मे महिन्यातही तो गोळा डब्यात घट्टच राहायचा, कारण वितळायला चाळीसेक अंश लागतात. सालींची आमसुलं होतात: रसात बुडवायची, उन्हात वाळवायची, पुन्हा बुडवायची. अंगावर पित्त उठलं की आमसुलाचा कोळ चोळत, तो घरगुती उपाय. त्रास वाढला तर डॉक्टरच गाठा.

गार्सिनिया या कुळीत नातलगही बरेच. क्रॉफर्ड मार्केटात मिळणारं मँगोस्टीन त्यातलंच, केरळी माशांच्या कालवणातली कुडमपुळीही. कंबोडियाकडच्या एका भावंडाच्या पिवळ्या चिकापासून चित्रकारांचा गॅम्बोज रंग व्हायचा, नावही त्या देशावरूनच पडलं.

सेक्रेटरींना सध्या सोलकढी पाजा. कलम जूनमध्ये.