'तरतूद केली' म्हणजे नेमकं काय झालं?

प्रश्न असा आहे: "अर्थसंकल्पाच्या बातम्यांत कधी 'इतक्या कोटींची तरतूद' असं येतं, कधी 'इतक्या कोटींचा निधी'. दोन्ही एकच का? अनेकवचन 'तरतूदी' लिहायचं की 'तरतुदी'? आणि शब्द परका असेल, तर त्याजागी 'उपबंध' वापरावा का?"

मधल्या प्रश्नाचं उत्तर एका ओळीचं: तरतुदी. जमीन-जमिनी, विहीर-विहिरी, तशी तरतूद-तरतुदी. 'तरतूदीमध्ये' हे रूप सरकारी परिपत्रकांत हमखास दिसतं, ते चूक आहे.

पहिल्या प्रश्नाचं उत्तर: नाही, अजिबात एक नाही. राज्याच्या पैशाबद्दल मराठीत सध्या जेवढा गोंधळ आहे, त्याचा मोठा भाग या एका गल्लतीतून येतो. विधानसभेत अर्थमंत्र्यांचं भाषण संपत नाही तोच गावोगावी फलक लागतात, 'रस्त्यासाठी पाच कोटींचा निधी खेचून आणला'. त्या दिवशी कोणीही काहीही आणलेलं नसतं. एका लेखाशीर्षासमोर, म्हणजे खर्चाच्या हिशोबातल्या एका ठरलेल्या सदरासमोर, एक आकडा सुचवलेला असतो, एवढंच. तरतूद ही खर्चाच्या परवानगीची मर्यादा. निधी म्हणजे हातात येणारा पैसा. या दोहोंच्या मध्ये वर्षभराचा रस्ता आहे आणि त्या रस्त्यावर पैसा कुठेही अडू शकतो.

तो रस्ता पाहू. संविधानाच्या अनुच्छेद २०२ प्रमाणे सरकार वार्षिक वित्तीय विवरणपत्र मांडतं. 'बजेट' हा शब्द तिथे येतच नाही. मग अनुच्छेद २०३ प्रमाणे खात्याखात्याच्या अनुदानाच्या मागण्या विधानसभेपुढे मतदानाला जातात. विधान परिषद त्यावर बोलू शकते, मत देऊ शकत नाही. मागण्या मंजूर झाल्या की अनुच्छेद २०४ चं विनियोजन विधेयक येतं, आणि ते संमत झाल्याशिवाय राज्याच्या एकत्रित निधीतून, म्हणजे सरकारच्या मुख्य तिजोरीतून, एक रुपयाही काढता येत नाही. कर्जावरचं व्याज मात्र 'भारित' खर्चात मोडतं, त्यावर मतदानच नसतं. बाकीच्या, मत देऊन मंजूर होणाऱ्या खर्चाला 'दत्तमत' म्हणतात. सरकारी परिभाषेतला हा एक नेमका आणि सुंदर शब्द.

इथवर आलं तरी ती तरतूदच. त्यानंतर वित्त विभाग निधी वितरणाची मुभा देतो, तीही बहुधा टप्प्याटप्प्याने आणि एकूण तरतुदीच्या ठरावीक टक्क्यांपर्यंत. खातं आपल्या वाट्याची रक्कम बीम्स या संगणक प्रणालीवरून खालच्या कार्यालयांना वाटतं. आहरण व संवितरण अधिकारी, म्हणजे कार्यालयासाठी पैसे काढून वाटण्याचा अधिकार असलेला अधिकारी, देयक (बिल) तयार करतो, ते कोषागारात जातं, तिथे तपासलं जातं आणि मग रक्कम अदा होते. बिघडण्याच्या जागा अनेक. वितरणाचा आदेश निघतच नाही. निघतो तो मार्चच्या शेवटच्या आठवड्यात, तेव्हा काम सुरूच झालेलं नसतं. रक्कम पुनर्विनियोजनाने, म्हणजे फेरवाटपाने, दुसऱ्या शीर्षाखाली वळते. प्रशासकीय मान्यता असते पण तांत्रिक मान्यता नसते. आणि ३१ मार्चला न खर्चलेली तरतूद व्यपगत होते, म्हणजे आपोआप संपते, मग पुढच्या वर्षी तोच आकडा 'नवी तरतूद' म्हणून पुन्हा वाचला जातो. शिवाय 'टोकन तरतूद' नावाचा प्रकार आहे. कोट्यवधींच्या कामासमोर हजार रुपयांसारखी नाममात्र रक्कम दाखवायची, म्हणजे काम अर्थसंकल्पाच्या पुस्तकात येतं आणि त्याचा फलकही लागतो.

आता मुद्द्याकडे येतो. हा शब्द मुळातच पैशाचा नाही.

'तरतूद' आली अरबी 'तरद्दुद' वरून, फारसीच्या वाटेने. मराठीत जोड 'द'चा 'त' झाला आणि उपान्त्य 'उ' आपल्या नियमाप्रमाणे दीर्घ झाला. 'तरद्दुद'चा मूळ अर्थ पुन्हापुन्हा जाणं-येणं, ये-जा. आजच्या इराणात रस्त्यावरच्या वाहनांच्या वर्दळीला हाच शब्द आहे. मन ये-जा करू लागलं की त्याला घालमेल म्हणतात, म्हणून उर्दूत 'तरद्दुद' म्हणजे चिंता, काळजी. आणि पाय ये-जा करू लागले की ती मेहनत, म्हणून मुघल महसुली कागदांत 'तरद्दुद' म्हणजे जमिनीची मशागत, रयतेने शेतात घेतलेले कष्ट.

एका शब्दाच्या या तीन वाटा, ये-जा, काळजी आणि कष्ट, मराठीत येऊन एकत्र झाल्या. माझं ठाम मत असं, की हा संगम महसुलाच्या कचेरीत झाला नाही, गडावर झाला. मराठेशाहीच्या पत्रव्यवहारात गडाची तरतूद, फौजेची तरतूद असे प्रयोग येतात. गडाची तरतूद म्हणजे धान्य, मीठ, तेल, दारूगोळा, टाक्यांतलं पाणी हे सगळं वेढा पडण्याआधी वर चढवलेलं असणं. ते चढवायचं तर कोणीतरी पावसाळ्याआधी खाली-वर फेऱ्या मारल्या पाहिजेत, कोणाच्या तरी जिवाला घोर लागला पाहिजे, कोणीतरी घाम गाळला पाहिजे. तिन्ही अर्थ तिथे एकाच माणसाच्या अंगावर येतात. म्हणून मराठीत 'तरतूद' या शब्दाला दोन अटी जन्मापासून चिकटल्या: ती आधी करायची असते, आणि वस्तू हाताशी आणून ठेवल्यावरच ती झाली असं म्हणायचं असतं. किल्लेदाराने 'पाचशे खंडी धान्याची तरतूद केली' असं लिहावं आणि कोठारात गेल्यावर नुसता कागद सापडावा, तर त्याला त्या काळी कोणी तरतूद म्हटलं नसतं.

आता याच शब्दाची जोडीदार बघा: बेगमी. पावसाळ्याची बेगमी, वर्षाची बेगमी. फारसीत 'बे' म्हणजे विना आणि 'ग़म' म्हणजे दुःख, चिंता. बेग़म म्हणजे निश्चिंत, आणि बेगमी म्हणजे निश्चिंती. कोठी भरलेली असली की माणूस निश्चिंत, म्हणून भरलेल्या कोठीलाच मराठीने बेगमी म्हटलं. राणीला म्हणतात त्या 'बेगम'शी तिचं काहीही नातं नाही. तो तुर्की शब्द आहे, 'बेग' या पदवीचं स्त्रीलिंग. 'बेगमी म्हणजे बेगमेसारखा थाट' अशी व्युत्पत्ती ज्यांना सुचते, त्यांनी ती सोडून द्यावी. शेतकऱ्याच्या घरात जूनपूर्वी भरलेल्या कणगीत थाट कसला?

म्हणजे तरतूद ही काळजीची धावपळ आणि बेगमी ही त्या धावपळीतून आलेली निश्चिंती. एकीच्या पोटात चिंता, दुसरीच्या पोटात चिंतेचा अभाव. शब्दांची अशी जोडी ज्या समाजाने जपली, त्याला खर्चाची शिस्त बाहेरून शिकवावी लागत नाही. आधी काळजी करा, फेऱ्या मारा, साठवा, मगच निश्चिंत व्हा, हा क्रम शब्दांतच आहे.

अजून एक. 'तरद्दुद'चा धातू र-द-द, अर्थ परत फिरवणं. त्याच धातूपासून 'रद्द', आणि 'रद्द'पासून 'रद्दी', म्हणजे परत फिरवलेला, नाकारलेला माल. 'तरतूद रद्द झाली' या वाक्यात एकच धातू दोनदा आला आहे.

आता राज्याचे कागद या अर्थावर घासून पाहू. २८ जून २०२४ ला महाराष्ट्राचा अतिरिक्त अर्थसंकल्प मांडला गेला. त्यात एकूण खर्च सुमारे ६ लाख १२ हजार कोटींचा होता. 'मुख्यमंत्री माझी लाडकी बहीण' योजना त्याच भाषणात जाहीर झाली, दरमहा १,५०० रुपये, वर्षाचा खर्च ४६,००० कोटी. अवघ्या ११ दिवसांनी, ९ जुलैला, ९४,८८९ कोटींच्या पुरवणी मागण्या सभागृहात आल्या आणि त्यांत या योजनेसाठी २५,००० कोटी होते. अनुच्छेद २०५ पुरवणी मागणीची मुभा देतो ती मंजूर रक्कम अपुरी पडली तर, किंवा वर्ष सुरू असताना नव्या सेवेची गरज उपटली तर. ११ दिवसांत गरज उपटत नाही. जी ११ दिवसांपूर्वी माहीत होती, तिची तरतूद मूळ कागदातच दिसायला हवी होती. एकूण खर्चाच्या जवळजवळ साडेपंधरा टक्के रक्कम पुरवणीतून येते, तेव्हा मूळ अर्थसंकल्प वाचून राज्याची स्थिती कळणं अशक्य होतं. 'पुरवणी' शब्दाचं मापही इथे सुटतं. उत्तरपत्रिकेला लागते ती पुरवणी, उत्तरपत्रिकेत आधीच ठाऊक असलेलं उत्तर लिहायचं राहिलं तर ती पुरवणी नव्हे.

२०२५-२६ चे अर्थसंकल्पीय अंदाज घ्या. महसुली जमा ५,६०,९६४ कोटी, महसुली खर्च ६,०६,८५५ कोटी, महसुली तूट ४५,८९१ कोटी. राजकोषीय तूट, म्हणजे एकूण खर्च भागवायला काढावं लागणारं कर्ज, १,३६,२३५ कोटी. वर्षअखेरीचं अंदाजित कर्ज ९ लाख ३२ हजार कोटींच्या घरात. राजकोषीय तुटीबद्दल वाद घालता येतो, कारण कर्ज काढून धरण बांधलं तर धरण उरतं. महसुली तुटीबद्दल वाद नाही. ती पगार, व्याज, निवृत्तिवेतन, सवलती अशा चालू खर्चासाठी काढलेलं कर्ज दाखवते, म्हणजे घर गहाण ठेवून किराणा भरणं. राज्याने २००५ साली स्वतःच वित्तीय शिस्तीचा कायदा केला, त्याचा रोख महसुली तूट संपवण्याकडेच होता. ज्या खर्चामागे जमा नाही त्याला 'तरतूद केली' म्हणणं हे गडाच्या अर्थाने खोटं आहे. तिथे 'कर्ज काढायचं ठरवलं' म्हणावं.

आणि हे गरिबांच्या विरोधात नाही, उलट त्यांच्याच बाजूचं आहे. लाडकी बहीण योजनेची तरतूद २०२४-२५ मध्ये ४६,००० कोटी सांगितली गेली, २०२५-२६ मध्ये ३६,००० कोटी. ज्या बाईने त्या १,५०० रुपयांवर महिन्याचा हिशोब बांधला, तिला बेगमी हवी आहे. तिला निश्चिंती देणारं सरकार ते, जे आपल्या जमेत बसेल तेवढंच कबूल करतं आणि तेवढं नेमाने देतं.

'भरीव तरतूद' हा प्रयोग तर बंदच व्हावा. भरीव म्हणजे आतून पोकळ नसलेलं. वर्षअखेर खर्च झाला का हे पाहिल्याशिवाय कोणती तरतूद भरीव आणि कोणती पोकळ हे मार्चमध्ये कोणाला कळणार? अर्थसंकल्पाच्या पुस्तकातले रकाने बघा: मागच्या वर्षाच्या प्रत्यक्ष रकमा, चालू वर्षाचे अर्थसंकल्पीय अंदाज, चालू वर्षाचे सुधारित अंदाज आणि पुढच्या वर्षाचे अर्थसंकल्पीय अंदाज. बातमी नेहमी शेवटच्या रकान्याची होते. खरं काय ते पहिल्या आणि तिसऱ्या रकान्यात असतं. चारही रकाने अंदाज किंवा हिशोब सांगतात, संकल्प एकही सांगत नाही, म्हणून मला 'अर्थसंकल्प'पेक्षा जुना 'अंदाजपत्रक' हाच शब्द सरस वाटतो. काही महापालिकांनी तो अजून टाकलेला नाही, हे त्यांचं चांगलं काम. संकल्प मोडला तर माणूस देवाची माफी मागून मोकळा होतो. अंदाज चुकला तर किती चुकला हे मोजता येतं. फारसी 'अंदाज' म्हणजे नेम, फेक, माप. गोलंदाज, तीरंदाज यांतला तोच. नेम चुकला की गोळा कुठे पडला हे सगळ्यांना दिसतं.

राहिला 'उपबंध'. कायद्यातल्या 'प्रोव्हिजन'ला तो कुणाला वापरायचा असेल तर वापरावा, तिथे 'तरतूद' हा इंग्रजीवरून बेतलेला अर्थ आहेच. 'प्रोव्हिजन' म्हणजे मुळात पुढचं पाहणं. इंग्रजांचा शब्द डोळ्यांचा, आपला पायांचा, आणि मला पायांचा जास्त पटतो. पैशाच्या बाबतीत 'उपबंध' मुळीच चालणार नाही. 'मुलीच्या शिक्षणाचा उपबंध केला' असं कोणत्या आईने कधी म्हटलं आहे? परकेपणाचा मुद्दा पुढे करणाऱ्यांनी तारीख, तपशील, तजवीज, तहसील, तालुका हेही मग सोडावेत आणि कारभार चालवून दाखवावा. तीनशे-साडेतीनशे वर्षं मराठी माणसाच्या तोंडी रुळलेला, मराठीच्या ऱ्हस्व-दीर्घाचे नियम पाळणारा शब्द परका नसतो.

बातमी लिहिणाऱ्यांनी क्रियापदं एवढी सांभाळावीत. भाषणाच्या दिवशी तरतूद 'सुचवली' किंवा 'प्रस्तावित आहे'. मागणीवर मतदान होऊन विनियोजन विधेयक संमत झालं की तरतूद 'मंजूर झाली'. वित्त विभागाचा आदेश निघाला की निधी 'वितरित झाला'. कोषागारातून रक्कम गेली की ती 'खर्ची पडली'. 'तरतूद दिली' हे मराठीच नाही. आणि 'निधी खेचून आणला' असं छापण्याआधी वितरणाच्या आदेशाचा क्रमांक आणि तारीख मागावी.