महाराष्ट्रातल्या कारखान्यांनी जाळलेल्या पेट्रोलचा कार्बन डायऑक्साइड वर्षवार कुठे मिळेल?

हा प्रश्न विचारताना तुम्ही अमेरिकेचा दाखला दिलाय. तिथे प्रत्येक राज्याच्या उद्योगांचं पेट्रोलमुळे होणारं उत्सर्जन वर्षवार मिळतं, मग आपलं का नाही? कारण आपल्याकडे ते लिहून ठेवण्यात कुणाचाच फायदा नाही. कोल्हापूरजवळच्या शिरोली एमआयडीसीत आमची धातू ओतायची छोटी फाउंड्री आहे आणि याच गोष्टीवरून माझं घरात वाजलेलं आहे.

आमचे हिशेब दाजी बघतात. आमचं कास्टिंग घेणारी कंपनी दरवर्षी एक तक्ता पाठवते: भट्टीत जाळायचा कोक किती, वीज किती, जनरेटरला डिझेल किती, पेट्रोल किती. कोकची बिलं असतात, विजेचं बिल येतंच. पेट्रोलच्या रकान्यात दाजींनी सरळ शून्य मारलं. मी म्हटलं, पावसाळ्यात भट्टीच्या खड्ड्यात पाणी भरतं, लाईट गेलेली असते, तेव्हा उपसायचा पंप कशावर चालतो? गवत कापायचं मशीन कशावर चालतं?

"ते समदं वाहन खर्चात हाय की. पेट्रोल म्हंजे गाडीच."

"मग पाच लिटरच्या कॅनला चाकं लावलीत काय दाजी?"

यावर ते चिडले. पावत्या दाखव म्हणाले. मी ड्रॉवर उघडला. प्रत्येक पावतीच्या मागे मी बॉलपेननं 'पंप' किंवा 'गवत' लिहून ठेवलं होतं, ते ठळक दिसत होतं. पुढची छपाई मात्र उडालेली, कागद कोरा. तारीख नाही, लिटर नाहीत. दाजी जिंकल्यासारखे हसले आणि म्हणाले, "जीएसटीत क्रेडिट मिळतंय का ह्याचं? न्हाई न्हवं? मग येगळं लिवायचं कशाला?"

त्यांनी हे मला गप्प करायला विचारलं, पण तुमच्या प्रश्नाचं उत्तर नेमकं तिथेच आहे. पेट्रोल जीएसटीच्या बाहेर आहे. पंपावर भरलेला कर गाडीला वापरा नाहीतर उपसा पंपाला, परत येत नाही. अमेरिकेतल्या अनेक राज्यांत रस्त्यावर न वापरलेल्या पेट्रोलवरचा कर मागून घेता येतो. त्यामुळे शेतकरी, ठेकेदार अर्ज भरतात आणि नोंद तयार होते. तिथलं महामार्ग खातं असल्या नोंदी नि अंदाज यांवरून रस्त्याबाहेरचं पेट्रोल वेगळं काढतं, ऊर्जा खातं त्याची क्षेत्रवार वाटणी करतं आणि मग उत्सर्जनाच्या गुणकानं, म्हणजे ठरावीक पेट्रोलमागे किती कार्बन डायऑक्साइड सुटतो त्या आकड्यानं, गुणतं. चिमणीला मीटर लावून कुणी मोजत नाही. शिवाय त्यांच्या 'उद्योगा'त शेती, खाणी आणि बांधकामही येतं, म्हणून तो आकडा बघून लगेच कारखाने डोळ्यांसमोर आणू नका.

आपल्याकडे पेट्रोलियम मंत्रालयाचा नियोजन व विश्लेषण कक्ष राज्यवार विक्री देतो, ती घ्या. गुणाकार शाळकरी आहे: शुद्ध पेट्रोल लिटरमागे साधारण २.३ किलो कार्बन डायऑक्साइड सोडतं. पंपावरच्या पेट्रोलमध्ये इथेनॉल मिसळलेलं असतं; तो भाग ऊस, मका अशा पिकांतून येतो म्हणून या बेरजेत धरत नाहीत, वेगळा दाखवतात. म्हणजे २० टक्के मिश्रण असेल तर लिटरमागे १.८ च्या आसपास. अडतं ते वाटणीवर: त्यातलं गाड्यांचं किती आणि कारखान्यांचं किती. याच कक्षानं करून घेतलेल्या पाहणीत, जी २०१४ च्या जानेवारीत जाहीर झाली, ९९.६ टक्के पेट्रोल वाहतुकीत जातं असं निघालं, त्यातलं ६१ टक्क्यांहून जास्त एकट्या दुचाकींना. उरलेल्या चिमूटभरात देशातले सगळे उपसा पंप, छोटे जनरेटर आणि आमचं गवताचं मशीन. तेव्हा महाराष्ट्राचा औद्योगिक पेट्रोलचा आकडा कुणी दोन दशांशांपर्यंत सांगितला, तर वाटणी कशावरून केली ते आधी विचारा.

माझं मत विचाराल तर राज्याच्या आकड्यामागे लागण्यापेक्षा कारखान्यापासून सुरुवात करा. टॅलीत 'पेट्रोल – यंत्रं' असं वेगळं खातं उघडायला दोन मिनिटं लागतात. पावतीचा फोटो त्याच दिवशी काढा. हिशेबनीस कितीही जवळचा पाहुणा असला तरी गाडीचं आणि कॅनचं पेट्रोल एकात घालू देऊ नका. क्रेडिट मिळत नाही म्हणून खर्च लिहायचाच नाही, हा हिशेब नव्हे, आळस आहे.

हां, आकार बघितला तर आमच्या कोकपुढे आणि विजेपुढे हे पेट्रोल किरकोळच आहे, हे दाजींचं म्हणणं खरं. पण किरकोळ वेगळं आणि शून्य वेगळं. आणखी एक, ती पाहणी आता जुनी झाली, शिवाय राज्यवार विक्री म्हणजे त्या राज्यात जळालेलं पेट्रोल असंही नाही. तिकडे स्वस्त असलं की कोल्हापूरच्या कितीतरी गाड्या कागल ओलांडून कर्नाटकात टाकी फुल्ल करून येतात, धूर इथे आणि विक्री त्यांच्या खात्यावर. दाजींची गाडी त्यातलीच. ती पावती मात्र त्यांच्याकडे तारखेसकट जपून ठेवलेली असते.