चट्टा दुखत नाही, म्हणून थांबू नका

प्रश्न : आई (वय ५८) रोज दोनदा मिश्री लावते. गालाच्या आत, खालच्या हिरडीजवळ पांढरा चट्टा आलाय. दुखत नाही, म्हणून ती दाखवायला तयार नाही.

उत्तर : तोंडाचा कर्करोग सुरुवातीला बहुधा दुखत नाही. कान ठणकायला, दात हलायला लागेपर्यंत तो खोलवर गेलेला असतो. मिश्री म्हणजे भाजलेली तंबाखूच. प्रत्येक पांढरा चट्टा कर्करोगाचा नसतो, पण काहींचा पुढे होतो; चट्टा लाल किंवा लाल-पांढरा असेल तर धोका अधिक. आईंना याच आठवड्यात दंतवैद्याकडे किंवा कान-नाक-घसा तज्ज्ञांकडे न्या. मिश्री आजच बंद करा. तुकडा काढून तपासायला सांगितलं तर नकार देऊ नका. ‘तुकडा काढला की कॅन्सर पसरतो’ असं अनेक घरांत सांगितलं जातं. ते खरं नाही. या भीतीपायी महिने वाया जातात आणि लहान शस्त्रक्रियेत निभावलं असतं तिथे जबडा काढावा लागतो, याचं मला फार वाईट वाटतं.

प्रश्न : मी नागपूरचा, वय २६. खर्रा (सुपारी, तंबाखू आणि चुन्याचं मिश्रण) सोडला, आता फक्त सुपारी खातो. तिखट झोंबतं, तोंड पूर्ण उघडत नाही.

उत्तर : खर्रा सोडलात हे उत्तम, पण सुपारीही सोडायला हवी. तंबाखूशिवाय नुसत्या सुपारीनेही कर्करोग होतो, असं जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २००४ मध्येच जाहीर केलं आहे. महाराष्ट्रात २०१२ पासून गुटख्यावर बंदी आहे; सुपारी मात्र पोरांच्या हातीही सहज लागते. तुमची लक्षणं गालाच्या आतलं अस्तर कडक होत चालल्याची वाटतात. स्वतःची तीन बोटं उभी धरून तोंडात जातात का पाहा. जात नसतील तर लगेच दाखवा. आलेला कडकपणा सहसा पूर्ण जात नाही. सुपारी थांबवून, व्यायाम आणि औषधांनी तो वाढू न देणं हे उद्दिष्ट. यात कर्करोगाचा धोका राहतोच, म्हणून डॉक्टर सांगतील तेव्हा तपासणी चुकवू नका. तलफ आवरत नसेल तर १८००-११-२३५६ या मोफत राष्ट्रीय क्रमांकावर फोन करा.

प्रश्न : वडील शेतात राबतात. खालच्या ओठावरची जखम दीड महिना मलम लावूनही भरत नाही.

उत्तर : मलम पुरे. ओठाचा कर्करोग बहुतेकदा खालच्याच ओठावर होतो. वर्षानुवर्षांचं ऊन आणि तंबाखू, दोन्ही कारणीभूत ठरतात. दोन आठवड्यांत न भरणारी जखम तपासलीच पाहिजे.

प्रश्न : तुटलेला दात जिभेला सतत टोचतो. काही होईल का?

उत्तर : दंतवैद्याकडून टोक घासून घ्या. त्यानंतर दोन आठवड्यांत व्रण भरला नाही, तर त्याचाही तुकडा तपासावा लागेल.